आजोबांचं शहर माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण मला 'डबा' म्हणालात तर याद राखा!

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. या घरातल्या काकांनी सुटे भाग आणून घाम गाळत मला जोडलं. शेवटी दोन स्क्रू उरले. ते कुठले, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. तरी मी पहिल्याच बटणाला सुरू झालो आणि घरभर टाळ्या पडल्या. त्या काळी एक खेळ चढवायला चार सीडी लागत, अर्धा दिवस जाई आणि एवढं करून आवाजच येत नसे. काका पुन्हा मला उघडून बसत. त्या खटपटीतही काय मजा होती!

काकांचे वडील, म्हणजे घरातले आजोबा, निवृत्त गवंडी. जन्मभर लोकांची घरं बांधलेल्या या माणसानं माझ्यावर शहर वसवण्याचा खेळ सुरू केला. रोज दुपारी जेवण झालं की एखादा रस्ता, नाहीतर पूल. अकरा वर्षं ते शहर माझ्या पोटात वाढत गेलं.

मग टीव्हीखाली गेम कन्सोल आला. त्याला ना चार सीडी, ना उघडून पुन्हा जोडणं. बटण दाबलं की शर्यत सुरू, आणि सोफ्यावर चौघं एकदम ओरडायची. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. पण काही वर्षांनी त्याच्या जागी नवा कन्सोल आला. जुने खेळ त्यात चालेनात, आणि जुना बिचारा माळ्यावर गेला. मी मात्र नवी मेमरी, नवं कार्ड घेत जागेवरच होतो. मला गुदगुल्या झाल्या, हेही कबूल करतो.

पण माझीही वेळ आली. मी खेळता खेळता मधूनच बंद पडू लागलो. काका म्हणाले, "म्हातारा झाला हा. रविवारी भंगारात देऊन टाकू."

"आणि माझं शहर?" आजोबांनी विचारलं.

"ते कन्सोलवर नाही येत, आजोबा," त्यांची नात हळूच म्हणाली.

आजोबा वही घेऊन आपल्या शहरातल्या रस्त्यांची नावं उतरवू लागले. ते पाहून माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. नातीलाही राहवलं नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ती ओरडलीच, "आई गं! केवढा तापलाय हा!"

तिच्या आईनं मला लोकरीचं कव्हर विणलं होतं, बटणापुरतं भोक ठेवून. मी चालू असतानाही ते माझ्या अंगावरच असे. काकांनी मला उघडलं, तर आत पंख्यात लोकर गच्च अडकली होती.

"अगं, धूळ बसू नये म्हणून घातलं होतं मी!" आई म्हणाली.

"वहिनी, धूळ नाही बसली. त्याचा श्वास बसला!" काका म्हणाले, आणि सगळे पोट धरून हसले. ब्रश फिरला, पंखा मोकळा झाला आणि मी भरभर धावू लागलो.

आता नात कन्सोलचा रिमोट मलाच जोडते आणि आजोबांच्या शेजारी बसते. परवा तिनं शहरात आपलं पहिलं घर बांधलं, तर त्याचं दार थेट नदीत उघडलं!

"चुकलं, आजोबा. पाडू का?"

"राहू दे गं. अकरा वर्षांत या गावात राहायला आलेली तू पहिलीच."

मित्रांनो, जुनं यंत्र टाकण्याआधी एकदा उघडून, पुसून बघा. त्यात कुणाचं तरी गाव असेल.