मडगार्डवरची दोन बोटं

चाकं न फिरवता, उभ्या मोटारसायकलवर वीस सेकंद तोल धरल्याशिवाय आमच्या कसरतीच्या वर्गातले सर गाडीची उडी शिकवत नाहीत. पुढचा ब्रेक दाबायचा, हँडल पूर्ण वळवायचं आणि फूटरेस्टवर उभं राहायचं. काल माझे बावीस सेकंद झाले. रात्री लेकीने फोनवर काढलेला व्हिडिओ दाखवला. मागच्या मडगार्डवर सरांची दोन बोटं होती.

आज गेल्या गेल्या मी त्यांना गाठलं.

"कधीपासून धरताय?"

"पहिल्या दिवसापासून. अहो ताई, या वयात हाड मोडलं म्हणजे?"

"हाडं माझी आहेत. बाकीचे धडाधड पडतात, त्यांना का नाही धरत?"

"ती पोरं आहेत हो."

"म्हणजे तीन आठवडे तोल तुम्हीच शिकलात! आता समोर उभे राहा. हात खिशात."

लेकीने घड्याळ लावलं. थोड्याच वेळात मी आडवी झाले, कोपर सोलवटलं. सर धावले.

"हात खिशात!" मी जमिनीवरूनच ओरडले.

"आई, चारच सेकंद," लेक हळूच म्हणाली.

"वहीतले बावीस खोड आणि चार लिही," मी म्हणाले आणि मोटारसायकल एकटीने उचलली.