एक मात्रा कमी

मी एक जुनी स्टिक आहे, मित्रांनो. नावावरून काठी वाटेन, पण मी हातात धरायची, तीन बाजूंनी कड असलेली लोखंडी पट्टी. छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरं, माझ्यात एकेक करून जुळवत. माझा जन्म मुंबईच्या कारखान्यातला, पण माझं आयुष्य गेलं शाहूपुरीत, तात्यांच्या छापखान्यात, महंमदच्या डाव्या हातात. तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्या हाताची सफाई दाखवायचे. त्या कौतुकातलं थोडं मी माझ्याकडे ठेवून घेई.

महंमद तिशीतला जुळारी. लग्नपत्रिका आणि कुस्त्यांची हँडबिलं जुळवता जुळवता त्याला कवितेचं वेड लागलं. १९५२ साली मुलींच्या शाळेतल्या लीलाबाई आपल्या कवितांचं पुस्तक छापायला घेऊन आल्या. प्रुफं तपासायला त्या दर रविवारी येत. एकदा महंमदनं लाजत विचारलं, "बाई, ही ओळ चालीत कशी बसती वो?" तेव्हापासून त्या त्याला शिकवू लागल्या. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. तो बोटांवर मोजायचा, माझ्यातच चार ओळी जुळवायचा, वाचायचा आणि कुणी बघायच्या आत मोडून टाकायचा.

पुस्तकातली शेवटची कविता कुमुदवर होती. कुमुद म्हणजे लीलाबाईंची सात वर्षांची लेक, तापानं गेलेली. प्रत्येक ओळ सोळा मात्रांची. शेवटचं प्रूफ बाईंनी पास केलं. पान मशीनवर चढायच्या आधी महंमदची बोटं सवयीनं हलली. 'अंगातलं ऊन काढ गं.' पंधरा. पुन्हा मोजलं. पंधराच. बाईंच्या नजरेतून सुटलं, असं त्याला वाटलं. त्यांनी दिलेली विद्या त्यांच्याच कामी येतेय म्हणून तो हरखला. भराभर खिळे उचलून त्यानं माझ्यात नवी ओळ जुळवली: 'तनुतापाला शमवी, माते.' बरोबर सोळा. मीही फुशारले.

दोन दिवसांनी तीनशे प्रती बांधून तयार झाल्या. लीलाबाईंनी उभ्यानंच शेवटचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही ओळ कुणी घातली?"

"काय चुकलं, बाई?" तात्या गडबडले.

महंमद मला हातात घेऊनच पुढे झाला. "मी घातली. एक मात्रा कमी पडत हुती, म्हणून भरली."

"ती ओळ माझी नव्हती, महंमदभाई." बाईंचा आवाज जराही चढला नाही. "कुमुदची होती. शेवटच्या दिवशी ती तेवढंच म्हणत होती. म्हणून मी त्या ओळीला हात लावला नव्हता."

महंमदनं मला हलकेच खाली ठेवलं. एका पोरीचं शेवटचं बोलणं आम्ही दोघांनी तीनशे वेळा पुसलं होतं, आणि वर खूश झालो होतो.

"प्रूफ पास झाल्यावर हात लावायचा न्हाई, हे तुला मी सांगाय पायजे व्हय?" तात्या एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी कुमुदचा वाढदिवस. शाळेतल्या मुलींना पुस्तकं वाटायची होती. पान पुन्हा छापायला वेळ नव्हता. महंमदनं तीच पंधरा मात्रांची ओळ माझ्यात जुळवायला घेतली. आठ वर्षांत त्याच्या हातून खिळा पडलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी 'ऊन' दोनदा सांडलं. तीनशे चिठ्ठ्या छापल्या, कापल्या. खळ लावून एकेक चिठ्ठी चुकीच्या ओळीवर डकवायला तो बसला, तशा लीलाबाईही पदर खोचून शेजारी बसल्या. संध्याकाळपर्यंत ढीग संपत आला.

मग महंमद खाली मान घालून म्हणाला, "बाई, माझ्यानं कविता व्हायची न्हाई. आता मी काय शिकत न्हाई."

शेवटच्या प्रतीवरची चिठ्ठी बाईंनी अंगठ्यानं दाबून धरली होती. "मोजायला आलं तुम्हाला. ऐकायचं मी शिकवलंच नाही. रविवारी घरी या."

तो गेला, मित्रांनो. पुढे बरीच वर्षं जात राहिला.

आता खिळे गेले, मी एका डब्यात गंजत पडले आहे. कधी सापडले तर तेलाचं बोट लावा, एवढंच मागणं. आणि कुणाचं बोलणं तुम्हाला तोडकं वाटलं, तर ते नीट करायच्या आधी विचारा, हे कुणाचं आहे. मी त्या दिवशी विचारलं नव्हतं.