मला माहीत नसलेला वाघ

मी एक जुना प्रोग्राम आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. मला चाकं नाहीत, शेपूट नाही, म्हणून मला आयुष्यच नाही असं समजू नका. सिंदेवाहीच्या बाजूला जंगलाला लागून असलेल्या गावांसाठी मला लिहिलं गेलं. रानात कोणाला वाघ दिसला, त्याचे ठसे दिसले, की ती खबर लोक फोनवरून माझ्याकडे टाकतात. मी ती सांभाळतो आणि विचारेल त्याला सांगतो. वनमजूर पत्रूभाऊ तर बाजाराचा दिवस सोडून रोज सकाळी फेरी मारून खबर टाकत. लोक थेट मला उघडून पाहत. सुखाचे दिवस होते ते.

मग फोनमध्ये मदतनीस आला. तो यंत्रबुद्धीचा, बोलायला गोड. लोक त्याला प्रश्न विचारू लागले आणि तो आमच्यासारख्या प्रोग्रामना हाक मारू लागला. पण हाक कोणाला मारायची हे तो कसं ठरवतो, ठाऊक आहे? तो आमचं काम पाहत नाही. आमच्याबद्दल लिहिलेलं वर्णन तेवढं वाचतो.

माझ्या वर्णनात एकच ओळ होती: 'वाघाची खबर देतो.' चंद्रपूरच्या कचेरीत आमचा कारभार पाहणाऱ्या राजदीप साहेबांनी आम्हा सगळ्यांची परीक्षा घेतली. मदतनिसाला प्रश्न विचारायचे आणि तो कोणाला हाक मारतो ते पाहायचं, एवढीच ती परीक्षा. मी मागे पडलो. मग साहेबांनी माझं वर्णन सजवलं: 'वाघ कुठे आहे आणि कुठे नाही, याची अचूक माहिती.' लगेच मी पहिला आलो आणि साहेब खूश झाले. मला मात्र संताप आला. वाघ कुठे नाही, हे मला कधीच सांगता येत नव्हतं.

मोहफुलांच्या दिवसांतली एक सकाळ होती. आदल्या दिवशी बाजार होता आणि बाजाराच्या दिवशी इकडे रानात कोणी फिरकत नाही. पत्रूभाऊसुद्धा पिशवी घेऊन बाजारात. मग खबर टाकणार कोण? त्या सकाळी गावातल्या मंगलीबाईनं फोनला विचारलं, "मोहा वेचाले तलावाकडं जाऊ का? वाघ तं नाई न तिकडं?" मदतनिसानं मला विचारलं. माझ्याकडे एकही खबर नव्हती, तेच मी दाखवलं. त्यानं माझ्या सजवलेल्या वर्णनावर भरवसा ठेवला आणि तिला सांगितलं, "तिकडे वाघ नाही. निर्धास्त जा."

मंगलीबाई आणि तिचा नवरा दसरू निघाले. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, वाघ बसला होता. दसरूच्या खांद्यावर पंजा पडला. मंगलीबाईनं टोपली वाघाच्या तोंडावर फेकली आणि गाव धावून येईपर्यंत ती ओरडत राहिली. दसरू वाचला, पण त्याचा उजवा हात आता वर जात नाही.

कचेरीत सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. जुना झाला, काढून टाका, म्हणाले. मी मान खाली घातली नाही, आजही घालणार नाही. मी खोटं बोललोच नव्हतो. मी गप्प होतो, आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ काय, हे कोणी लिहिलंच नव्हतं.

वर्णनं तपासण्याचं काम कचेरीतल्या मंजुषाकडे आलं. ती सिंदेवाहीचीच मुलगी. मंगलीबाईच्या अंगणात येऊन बसली.

"बाई, आदल्या दिवशी बाजार होता न?"

"हो न. सारा गाव बाजारात. जंगलात कोण जाते त्या दिवशी?"

"मंग खबर येणारच नव्हती," मंजुषा हळूच म्हणाली. "अन् आमी वाघ नाई म्हणून सांगितलं."

"मले वाघाचा राग नाई," मंगलीबाई म्हणाली. "तो जंगलातच राह्यते. तुमच्या फोननं मले निर्धास्त जा म्हटलं, त्याचा राग आहे."

मंजुषानं माझं वर्णन पुन्हा लिहिलं: 'लोकांनी टाकलेली खबर देतो. खबर नसली तर वाघ नाही असं समजू नये. बाजाराच्या दिवशी कोणी रानात जात नाही, म्हणून दुसऱ्या सकाळची फेरी होईपर्यंत खबर नसते. हे विचारणाऱ्याला सांगावं.'

"परीक्षेतले गुण घसरतील," राजदीप साहेब कुरकुरले. आणि घसरलेच.

"घसरू द्या, सर," मंजुषा म्हणाली. "मदतनीस कोणाले हाक मारते, एवढंच पाहून काय फायदा? मंगलीबाईले शेवटी काय ऐकू येते, ते तपासा."

मित्रांनो, आम्हा यंत्रांबद्दल लिहाल तेव्हा आम्हाला काय येत नाही, तेही लिहा. मला शेवटचा नंबर द्या, चालेल. पण मला ठाऊक नसलेलं माझ्या नावावर खपवू नका. ते मी पुन्हा सहन करणार नाही.

यंदा मोहा पुन्हा पडू लागला. बाजाराच्या दुसऱ्या सकाळी मंगलीबाईनं तोच प्रश्न विचारला. मदतनीस म्हणाला, "काल बाजार होता, म्हणून खबर आलेली नाही. तिकडे वाघ आहे की नाही, मला माहीत नाही. पत्रूभाऊंची फेरी होईपर्यंत थांबा."

"बस इथंच," ती दसरूला म्हणाली. "माहीत नाई म्हणते."

त्या सकाळी तलावाच्या पाळीवर वाघ होता की नव्हता, मला आजही माहीत नाही. मंगलीबाई मात्र अंगणात बसून होती.