निशूच्या बैलाचं आवतन

एक काळ असा होता की रामरावची बैलजोडी पाहायला परगावची माणसं वाट वाकडी करून मुकुटबनला येत. जोडी पांढरीशुभ्र, शिंगं एकाच मापाची, आणि खांद्यावर जखम म्हणून नाही. "बैलाचा खांदा पाहा, मंग मालकाची पारख करा," असं रामराव सांगायचा, आणि ऐकणारा मुकाट मान डोलवायचा. पण मागच्या उन्हाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला. जोडी विकावी लागली, शेत ट्रॅक्टरवर गेलं. त्यानंतर जो पोळा आला त्या दिवशी गावच्या जोड्या जिथं उभ्या राहतात त्या तोरणाकडे रामराव फिरकलाच नाही. अंगात कणकण आहे म्हणून चादर घेऊन पडून राहिला. कणकण कशाची ते बायकोला, विमलताईला, ठाऊक होतं. तिनं काढा तेवढा करून दिला.

यंदा मात्र त्याच्या अंगात वेगळंच वारं शिरलं होतं. नात निशिगंधा सहा वर्षांची झाली होती, यवतमाळला पहिलीत जात होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा भरतो, त्यात ती पहिल्यांदाच आपला लाकडाचा बैल घेऊन उभी राहणार होती. मुलगा अक्षय फोनवर म्हणाला, "बाबा, इथं बाजारात तयार बैल भेटते. चाकं, घुंगरू, सगळं लावून. येतानी घेऊन येतो."

"घेऊन ये, अन् मंग आल्या बसनं वापस जाय," रामराव म्हणाला. "रामरावच्या नातीचा बैल बाजारातून येत नसते."

घरात जुन्या चौकटीचं सागवान पडलं होतं. महिनाभर तो अंगणात बसून ते तासत होता. सुतारकी त्याची नव्हे, पण बैल त्याला आतून-बाहेरून माहीत. वशिंड कुठून उठतं, गळ्याखालचं कातडं कसं लोंबतं, उभ्या उभ्या रवंथ करताना बैल कोणत्या पायावर भार देतो. पहिलं तोंड डुकरासारखं झालं म्हणून कापून टाकलं आणि दुसरं बसवलं. शेवटी पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण हौस कोणाला थांबू देते? पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यानं तिसराही हात दिला.

"झड लागून राह्यली," विमलताई म्हणाली. "रंग वाळन कसा?"

"वाळते."

"तुमाले काय, तुमी म्हटलं म्हणजे वाळला."

रामराव नुसता बैल करून थांबला नव्हता. पानटपरीवर चारचौघांत सांगून बसला होता, की यंदा तान्ह्या पोळ्यात पहिला नंबर माझ्या घरी येणार. तिथं देवीलाल बसला होता. देवीलाल म्हणजे रामरावचा शेजारी, लहानपणापासूनचा सोबती, आणि तोंडानं फटकळ. त्याच्या गोठ्यात अजून जोडी होती.

"जित्ते इकले, अन् आता लाकडाचे पाळून राह्यला का?" देवीलाल म्हणाला. "चांगलं हाय बाप्पा, चाऱ्या-कुटाराचा खर्च नाही."

सगळे हसले. रामरावही हसला, पण कानाची पाळी लाल झाली. "हास तू. तान्ह्या पोळ्याले बोलू," तो म्हणाला. सांजपर्यंत गोष्ट गावभर झाली आणि मागं हटायची सोय राहिली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी अक्षय, सून अर्पिता आणि निशू बसमधून उतरली. निशूनं बैल पाहिला, हात लावायला गेली. "ओला हाय, बेटा," म्हणून रामरावनं तिला अडवलं आणि सांज झाली तशी देवीलालच्या गोठ्यात घेऊन गेला. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचे खांदे शेकतात, ते तिनं कधी पाहिलं नव्हतं.

देवीलालनं तूप-हळद कोमट केली होती. पळसाच्या पानानं तो बैलाच्या खांद्यावर ती हळूहळू चोळत होता. बैल डोळे मिटून उभा.

"आबा, हे काहून करते?" निशूनं विचारलं. 'का'च्या जागी 'काहून' हा आजोबाचा शब्द तिच्या तोंडी लगेच बसला होता.

"वर्षभर जू याच खांद्यावर असते ना. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी शेकाचा, अन् त्याले जेवाचं आवतन द्याचं. आवतन देल्ल्याबिगर बैल पोळ्याले जेवत नाही."

देवीलालनं बैलाच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." मग रामरावकडे पाहून त्यानं हळदीचं पान पुढं केलं. "घे, दुसऱ्याले तू लाव. हात शिवशिवत असन तुया."

रामरावनं हात मागं घेतला. "तुया बैल, तूच लाव."

दुसऱ्या दिवशी पोळा भरला. सांजेला सजलेल्या जोड्या दारोदार येऊ लागल्या. विमलताई बैलांचे पाय धुवत होती, अर्पिता पुरणपोळीचा घास देत होती, रामराव धन्याच्या हातावर बोजारा, म्हणजे पोळ्याचा मान म्हणून दहाची नोट, ठेवत होता. त्या गडबडीत अर्पितानं एकदा आत येऊन विचारलं, "आई, तुपाची वाटी इथंच ठेवली होती ना?"

"मांजर आलं असन," विमलताई म्हणाली.

मांजर नव्हतं. ते तान्ह्या पोळ्याच्या सकाळी कळलं. रामराव आतल्या खोलीत बैल काढायला गेला आणि दारातच थांबला. बैलाच्या दोन्ही खांद्यांवरचा रंग लाकडापर्यंत निघाला होता. वरून हळदीचे पिवळे पट्टे, खाली तुपाचे ओघळ, आणि मानेला चिकटलेलं पळसाचं एक पान.

"हे कोणं केलं?"

"मी केलं," निशू म्हणाली. तिची छाती फुगली होती. "आज याचा पोळा आहे ना, मग काल शेकायचा. मी आवतनपण दिलं. कानात दिलं."

रामरावनं रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पोरीनं एकही गोष्ट चुकीची केली नव्हती. दिवस बरोबर, वेळ बरोबर, पान पळसाचंच. ओल्या रंगाचं तिला त्यानं सांगितलं होतं, पण पोळ्याच्या रिवाजापुढं सहा वर्षांच्या पोरीला ते कुठून आठवणार?

"मी वणीला जातो," अक्षय म्हणाला. "दोन घंट्यात दुसरा घेऊन येतो."

"नाही."

"मग रंग तरी लावा."

"तुपावर रंग धरत नसते," रामराव म्हणाला आणि खाटेवर बसला. त्याला पानटपरी दिसत होती, देवीलालचं तोंड दिसत होतं.

शेवटी विमलताईनं आपल्या जुन्या शालूचा काठ काढला आणि बैलाच्या अंगावर झूल टाकली. खांदे झाकले गेले. रामरावनं नातीला बजावलं, "झूल हलवाची नाही. काही झालं तरी."

"काहून?"

"थंडी वाजते त्याले," रामराव म्हणाला. जन्मात बैलाबद्दल तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि ते त्याचं त्यालाच लागलं.

दुपारी शाळेच्या मैदानात लेकरांची रांग लागली. नऊवारीतल्या पोरी, फेटे बांधलेली पोरं, एक सैनिक, एक डॉक्टर. सगळ्यांच्या हातात दोऱ्या, दोऱ्यांना बैल. देवीलालचा नातू ऋतिक, त्याचा बैल तर वासराएवढा, नागपूरहून आणलेला, डोळ्यांत लाल दिवे लागणारा. तो हातगाडीवर आला होता. रामराव कोणाच्या नजरेला नजर न देता मागं कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला.

शाळेच्या मॅडम परीक्षक होत्या. एकेका लेकरापाशी थांबून काहीबाही विचारत होत्या. निशूपाशी आल्या. "काय गं, तुझ्या बैलात काय विशेष?"

निशूनं आजोबाकडे मान वळवली, पण लिंबाखाली गर्दी होती. मग तिनं झूल उचलली. "याचे खांदे शेकलेले आहेत. पाहा."

आधी समोरची माणसं हसली, मग मागची. देवीलालचा आवाज सगळ्यांच्या वर आला. "रामराव, तुया बैलाले खरूज झाली काय रे?"

रामरावला वाटलं, गुडघे धड असते तर आत्ताच्या आत्ता घर गाठलं असतं.

पण निशू हसणाऱ्यांकडे पाहतच नव्हती. ती ऋतिककडे वळली. "तुझ्या बैलाचे शेकले का?"

"काय?"

"खांदे. आवतन दिलं का?"

ऋतिकनं बटण दाबून बैलाच्या डोळ्यांतले दिवे लावून दाखवले. निशूनं ते पाहिले, त्यानं तिचं समाधान झालं नाही. ती रांगेतल्या पुढच्या पोरीकडे गेली, तिच्या पुढच्याकडे गेली. तू दिलं का? तू? कोणीच दिलं नव्हतं. ती परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. "मॅडम, मग हे बैल आज जेवणार नाहीत."

हसू विरलं. मॅडम शेतकऱ्याच्याच घरच्या होत्या. त्यांनी देवीलालला विचारलं, "काका, खरं आहे का हे?"

देवीलालनं कान खाजवला. "हाय तर खरं. बिनआवतनाचा बैल जेवाले नेत नाहीत."

"मग नातवाच्या बैलाला दिलं नाही तुम्ही?"

"जित्त्यायले देल्लं ना," देवीलाल म्हणाला. "याचं ध्यानातच नाही आलं."

आता लोक पुन्हा हसले, पण हसू यावेळी देवीलालकडे गेलं होतं. निशूला मात्र हसायला वेळ नव्हता. गर्दीतून तिनं रामरावला हुडकून काढलं होतं. "आबा, तुम्ही द्या ना सगळ्यांना. तुम्हाला येतं ते."

मैदानभरची सगळी माणसं रामरावकडे पाहू लागली. तो लिंबाखालून निघाला. गुडघे दुखत होते, तरी रांगेच्या पहिल्या टोकापासून त्यानं सुरुवात केली. खाली वाकायचं, बैलाच्या खांद्यावर तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, "आवतन घ्या, आज जेवायले या." हात भरून ठेवत होता, उरकत नव्हता. कुठं बोटभर बैल, कुठं वीतभर, कुठं प्लास्टिकचा. दहाव्या बैलापाशी त्याचा आवाज मोकळा झाला, गोठ्यात निघायचा तसा. रांगेतली लेकरं आपला नंबर आला की आपसूक बैल पुढं सरकवत होती. म्हाताऱ्यांपैकी दोघांनी टोप्या काढल्या.

ऋतिकच्या बैलापाशी वाकावं लागलं नाही. रामरावनं त्याच्याही खांद्यावर हात ठेवला. देवीलाल बाजूलाच होता. हळूच म्हणाला, "आवतन देल्लं खरं. पण जेवाले कुठं यायचं?"

याचा विचार रामरावनं केला नव्हता. पण दिलेलं आवतन मागं घेता येत नाही.

"माया घरी," तो म्हणाला. "दुसरं कुठं?"

निकाल लागला. पहिला नंबर ऋतिकचा आला, निशूला नंबरच नव्हता. तिला ते कळलंही नाही. ती दोरी ओढत पुढं निघाली होती आणि तिच्या मागं सगळी रांग, चाकांचा खडखडाट करत, रामरावच्या गल्लीला वळली होती.

विमलताईनं दारातून ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अवो, हे काय आणलं?"

"आवतन देल्लं त्यायले."

"घरात दहा पोळ्या हायेत. देतानी मले इचारलं असतं तर पाप लागत होतं का?" म्हणाली, पण तोवर तिनं पाण्याची बादली उचलली होती. देवीलालची बायको शेजारून डबा घेऊन आली, समोरच्या घरातून करंज्या आल्या, अर्पितानं भज्यांची कढई चढवली. विमलताई एकेका बैलाची चाकं पाय समजून धुवू लागली. घास बैलाच्या तोंडाला लागत होता आणि लेकराच्या पोटात जात होता. अक्षय फोनवर शूटिंग घेत होता. थोड्या वेळानं त्यानं फोन खिशात टाकला आणि पत्रावळी मांडायला लागला.

सगळ्यात शेवटी हातगाडी आली. देवीलाल स्वतः ओढत होता, मागून ऋतिक बक्षिसाचा डबा सांभाळत. "रामराव, पहिला नंबर तर माया घरी गेला," तो दारातूनच म्हणाला. "पानटपरीवर काय सांगशीन आता?"

रामराव उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसला होता. तान्ह्या पोळ्यात याआधी कोणाच्या दारात इतके बैल एकदम आल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. दोन म्हातारे आत्ताच तसं बोलून गेले होते. अंगणात निशू एका पिटुकल्या पोराला पळसाचं पान कसं धरायचं ते दाखवत होती.

"सांगीन," रामराव म्हणाला. "सांगीन का माया नातीनं गावचे अडतीस बैल जेवू घातले. तिचा धरून एकोणचाळीस. त्यातला एक तुया होता, अन् तो सगळ्यायच्या शेवटी आला, हेही सांगीन."

"लई झालं," देवीलाल म्हणाला, आणि गाडी उताराला लावून बैल उतरवू लागला. "वहिनी, पाणी आणा. याचे पाय राह्यले."