मागच्या सीटवरचं गार वारं

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या एका बोळात नवी गाडी शिरली, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं कोण बोलत होतं म्हणाल, तर काशम्मा. तिचा लेक शिवानंद चाकांखाली लिंबं ठेवत होता, सून दानेश्वरी बॉनेटवर विभूतीचे पट्टे ओढत होती, आणि काशम्मा ओट्यावर ऐसपैस बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होती, "मागं बसणाऱ्याला बी वेगळं गार वारं हाय गाडीत! पुढच्यांच्या उपकारावर न्हाई. माझ्यासाठी घेतलीया पोरानं!"

पोरगा म्हणजे पन्नाशीला टेकलेला, चादरी-टॉवेलच्या दुकानाचा मालक, पोट सुटलेला. पण आईला तो पोरगाच.

आणि 'माझ्यासाठी' ही नुसती फुशारकी नव्हती. मागच्या वैशाखात एसटीनं बहिणीकडं जाताना काशम्माला ऊन लागलं होतं, आणि जीव जाता जाता राहिला होता. डॉक्टरांनी दम भरला, यांना परत उन्हाळ्यात एसटीत बसवलंत तर माझ्याकडं आणू नका. ही बहीण म्हणजे नागव्वा, काशम्माची थोरली अक्का. अक्कलकोटच्या पलीकडं, दुकानांच्या पाट्या कानडी व्हायला लागतात तिथल्या एका गावात, सावित्रम्मा नावाच्या लेकीकडं राहायची. संक्रांतीपासून ती अंथरुणाला खिळली होती. पाच भावंडांतल्या या दोघीच उरलेल्या. फोनवरचं नागव्वाला ऐकू येत नव्हतं. तिचा आपला एकच धोशा, माझ्या धाकट्या काशीला एकदा बघायचंय. काशम्मालाही दुसरं काही नको होतं. अक्काचा हात एकदा हातात घ्यायचा, बास. त्यासाठीच ती त्या गाडीची वाट बघत होती, गाडीची हौस तिला मेलीला कसली?

शोरूममधला सर्व्हिसचा मॅनेजर बसवेश हा दानेश्वरीचा मावसभाऊ. गाडी देताना तो म्हणाला होता, "मावशी, मागं बसलात की थेट महाबळेश्वर!"

पहिली फेरी सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत झाली. पुढं शिवानंद आणि दानेश्वरी, मागं काशम्मा एकटी, राणीसारखी. पुढच्या दोन सीटांच्या मधल्या खोक्याला मागच्या अंगाला जाळी होती, तिच्यातून वारं येऊ लागलं. काशम्मानं हौसेनं तोंड पुढं केलं आणि लगेच मागं घेतलं. तापल्या तव्यावर हात धरावा तशी झळ होती ती.

"शिवा, बिसी येतंय रे," ती म्हणाली. बिसी म्हणजे गरम. काशम्माच्या बोलण्यात कानडी कुठं संपतं आणि मराठी कुठं सुरू होतं, ते तिचं तिलाही कधी कळलं नाही.

"नवी गाडी आहे अव्वा. सवय व्हायला वेळ लागतो," शिवानंद म्हणाला. सवय गाडीला व्हायची की आईला, ते काही त्यानं सांगितलं नाही.

घरी येईपर्यंत तिचं पातळ पाठीला चिकटलं होतं. दानेश्वरीनं ते बघितलं आणि रात्रीच्या जेवणाला विषय काढला. म्हणून दोन-चार दिवसांनी गाडी सर्व्हिसला गेली, आणि काशम्माही हट्टानं बरोबर गेली.

बसवेश ऐटीत पुढच्या सीटवर बसला. जाळीसमोर तळहात धरला, मान डोलावली. "एक नंबर कूलिंग आहे दाजी."

"अरं, मागं बस की," काशम्मा म्हणाली.

"मावशी, मशीन एकच असतं. पुढं गार, तर मागं गार. हे सोलापूरचं ऊन आहे, त्याला कंपनी तरी काय करणार?" एक मेकॅनिक मागच्या दारातून आत डोकं घालत होता, त्याला बसवेशनं दुसऱ्या गाडीकडं पिटाळलं. काशम्माला काचेच्या खोलीत सोफ्यावर बसवून चहा पाजला. त्या खोलीत मात्र खरंच गार होतं.

आता हाच शिवानंद दुकानात एका टॉवेलाची किनार उसवली तर गिरणीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण इथं समोर बायकोचा भाऊ. आपल्याच माणसाशी वाद कसा घालायचा? आणि गाडी खराब निघाली म्हणायची लाज ती वेगळीच. परत येताना तो आईलाच म्हणाला, "वय झालं की असं गरम वाटतं अव्वा." काशम्मानं पदरानं मानेवरचा घाम पुसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एकदा दानेश्वरी म्हणाली, "आत्ती, तुम्ही पुढं बसा. मी बसते मागं."

शिवानंदला ते झोंबलं. "मागच्या गार वाऱ्यासाठी म्हणून वरच्या मॉडेलची गाडी घेतली, आणि अव्वालाच पुढं बसवू? मग लोकांना काय सांगू?" त्यानं आयुष्यात आईसाठी एवढी मोठी गोष्ट पहिल्यांदाच केली होती, आणि ती फसली हे मानायला त्याचं मन काही तयार होईना. काशम्माला त्याची दयाच आली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. मागंच बसते."

चैत्र संपता संपता सावित्रम्माचा फोन आला. "मावशी, अव्वानं खाणं सोडलंय. येतीस नव्हं?" काशम्मानं त्याच संध्याकाळी पिशवी भरली. अक्काला आवडते म्हणून शेंगाची पोळी केली, वर तुपाची वाटी बांधून घेतली. पहाटे निघू, ती म्हणाली. शिवानंद हसला. "पहाटे कशाला? गाडीत एसी आहे, ऊन कुणाला बघायचंय? दुकान उघडून देतो, मग निघू."

निघाले ते ऐन दुपारी. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही दिसेना. काचा वर, आणि काचांची कळ शिवानंदनं पुढून दाबून ठेवलेली, गार वारं बाहेर जाऊ नये म्हणून. पुढं दानेश्वरीला इतकं गार लागत होतं की तिनं पदर कानावरून घेतला. मागच्या जाळीतून मात्र झळा नुसत्या ओतत होत्या. काशम्मानं पिशवी जाळीसमोर धरून बघितली, तर पिशवीतलं तूप पातळ होऊन सांडलं. तिनं काचेचा खटका दाबून बघितला. काच हलेना.

शिवानंद फोनवर. हुबळीचा कुणी व्यापारी होता, आवाज सगळ्या गाडीत घुमत होता. "अहो, गाडीतच आहे. नवी घेतली की! मागं सुद्धा वेगळा एसी आहे, आईसाठी." मग त्यानं आरशात बघितलं. "अव्वा, गार आहे ना? अजून वाढवू?"

"साकु रे!" काशम्मा म्हणाली. "साकु, साकु!"

"ऐकलंत?" शिवानंद फोनमध्ये खदाखदा हसला. "साकु म्हणतीय आमची अव्वा! इतकं गार!"

आता साकु म्हणजे पुरे. पानावर बसलेला पाहुणा ताटावर हात आडवा धरून म्हणतो तेही साकु. पोट भरलं, आता वाढू नका. आणि पाठीत रट्टे खाणारं पोर कळवळून म्हणतं तेही साकु. पुरे, आता मारू नका. शब्द तोच. पेठेत वाढलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या शिवानंदचं कानडी पंगतीच्या पानापुरतंच उरलं होतं. त्याला पोट भरल्याचं साकु तेवढं ऐकू आलं.

दानेश्वरीनं मागं वळून बघितलं आणि ती किंचाळलीच. "अहो, थांबवा! आत्तींचं तोंड बघा!"

वाटेतल्या वळसंगच्या अलीकडं गाडी थांबली. काशम्मा दारातून बाहेर ओकली, आणि मग तिला काही समजेना. शुद्ध आली ती सोलापुरात, दवाखान्यात, हाताला सलाईन. अक्काचं गाव पुढं राहिलं आणि गाडी मागं वळली होती, एवढंच तिला कळलं. पहिल्यांदा ती काय म्हणाली असेल? "अक्काकडं कवा जायचं?"

"आता नाही," शिवानंद म्हणाला. त्याचे डोळे रडून लाल झाले होते, खोटं कशाला बोला. "ऊन बाधलं तुला. मृग लागू दे, गारवा होऊ दे, मग जाऊ."

"अहो, ऊन नाही, मागचं वारं," दानेश्वरी म्हणाली.

"तुला काय कळतंय गाडीतलं? बसवेशनं बघितलंय की."

"पहाटेचं ने रे मला. पुढं बसते," काशम्मा म्हणाली. "न्हाई तर टेंपोत घालून ने."

पण डॉक्टर, दुकान, लग्नसराईची गिऱ्हाइकं. आज उद्या, आज उद्या. सावित्रम्माचा फोन आला की काशम्मा सांगायची, "अक्काला म्हणावं, गाडी दुरुस्त व्हायलीया, आलेच." आणि फोन ठेवून भिंतीकडं तोंड करून पडायची.

मृगाची वाट नागव्वानं बघितली नाही. तिच्या मातीला शिवानंदनं पहाटेच गाडी काढली. काशम्मा न विचारता पुढं जाऊन बसली, दानेश्वरी मागं. काचा खाली, एसी बंद. ऊन चढायच्या आत गावात पोचलेसुद्धा. एवढं सोपं होतं! काशम्माला गाडीतून उतरताना रडू फुटलं ते त्याच रागानं.

नागव्वाला लिंगायतांच्या रीतीनं भिंतीशी टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात फुलं. काशम्मानं तिचा हात हातात घेतला. तो ताठ झाला होता.

"खाट दाराशी ओढायला लावली होती अव्वानं," सावित्रम्मा सांगू लागली. "रस्त्यावर गाडीचा आवाज झाला की विचारायची, काशी आली का बघ गं. मी म्हणायचे, न्हाई अव्वा, दूधवाला हाय."

माती झाली तोवर दुपार तापली होती. मातीला आलेले निंगप्पा म्हणजे साखर कारखान्याचे माजी संचालक, पांढरेशुभ्र कपडे, गावातलं मोठं प्रस्थ. त्यांना अक्कलकोटला सोडायला गाडी हवी होती. शिवानंद पुढं धावला. "माझी आहे की! मागं बसा काका, मागं वेगळा एसी आहे." काचा वर करून, एसी चढवून गाडी गेली.

ती थोड्याच वेळात वाटेतूनच परत आली. निंगप्पा उतरले ते घामानं थबथबून, सदरा अंगाला चिकटलेला. "शिवानंदा, ही गाडी हाय का भट्टी रे? पुढं थंड आणि मागं जाळ! माणूस मरंल की आत!"

शिवानंदचा चेहरा उतरला. तो स्वतः मागं जाऊन बसला, जाळीसमोर हात धरला, आणि चटका बसल्यासारखा बाहेर आला. मग त्यानं अंगणातच फोन लावला. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या इतका त्याचा आवाज चढला. "बसवेश! काय गाडी दिलीस रे मला? निंगप्पाकाकांना त्रास झाला! चारचौघांत माझी अब्रू गेली! दुरुस्त होणार की गाडी तुझ्या दारात आणून पेटवू?"

तिकडून बसवेशचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "चिडू नका दाजी, आत्ता घेऊन या. मागच्या वाऱ्याची आतली झडप गरमवर अडकली असेल, बदलली की झालं. एका दिवसाचं काम आहे."

एका दिवसाचं काम! काशम्मा बायकांतून उठली. गुडघ्यावर हात टेकत अंगणात आली, लेकासमोर उभी राहिली.

"निंगप्पानं एकदा सांगितलं," ती म्हणाली. "एकदाच सांगितलं की रे."

"अव्वा, मला खरंच वाटलं नव्हतं..." शिवानंदनं फोन खिशात सारला.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. खरंय, पण ज्याचं जळतं त्यानं ओरडून सांगितलं तरी कळू नये, याला काय म्हणायचं? काशम्मानं त्याला शिवी दिली नाही की शाप दिला नाही. तिसऱ्या दिवसाचं होईपर्यंत मी हितंच राहते, एवढं म्हणून ती आत गेली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी शिवानंद आला. गाडी धुऊन चकाचक. तो दाराशी आला, आईची पिशवी स्वतः उचलली, मागचं दार उघडून धरलं. आतून खरोखरच गार वाऱ्याचा झोत अंगणापर्यंत आला. सावित्रम्माची नातवंडं हात पुढं करून हसायला लागली.

"बघ अव्वा, आता एकदम गार केलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "मी स्वतः मागं बसून बघितलं. आता तू म्हणशील तिथं नेतो तुला. भर उन्हात नेतो. सांग, कुठं जायचं?"

काशम्मानं एकदा उघड्या दाराकडं बघितलं, एकदा घरातल्या रिकाम्या खाटेकडं.

"कुटं जाऊ रे?" ती म्हणाली. "आता कोण ऱ्हायलंय माझं, जायला?"