पाठीवरची दुसरी रेष

कर्रर्र...

शांत खोलीत हा आवाज झाला की बाकावर बसलेली माणसं दचकतात. घाबरू नका मित्रांनो, ती माझी मान आहे. मी एक जुना, मान वाकवता येणारा दिवा आहे. दवाखान्यात जखमांच्या पट्ट्या बदलायच्या खोलीत मी उभा असतो.

कारखान्यात मला पांढराशुभ्र रंग दिला, मानेत स्प्रिंग घातली. इथे आलो तेव्हा काय थाट होता माझा! पुढे छताला नवे दिवे लागले आणि माझी जागा फरशी पुसायच्या बादलीशेजारी गेली. पण छतावरच्या दिव्याखाली वाकलं की आपल्याच डोक्याची सावली जखमेवर पडते. म्हणून पट्टीताईंनी मला पुन्हा ओढून आणलं. "चला आजोबा, पुष्कळ आराम झाला," म्हणत माझी धूळ पुसली.

पट्टीताई म्हणजे इथल्या नर्स. हे नाव मुलांनी ठेवलेलं. छोटं ऑपरेशन डॉक्टर करतात, ते लवकर उरकतं. जखम भरेपर्यंतचे दिवस मात्र ताईंचे. त्या आधी जखम बघत नाहीत, माणसाचा चेहरा बघतात. मग हात धुतात, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून. चिकटलेली पट्टी ओढत नाहीत. ओली करून, गप्पा मारत सोडवतात. कितीतरी जण विचारतात, "सुरुवात कधी करणार?" तोवर पट्टी डब्यात पडलेली असते. त्यांच्या हातांवर उजेड पाडायला मिळतो, हेच माझं भाग्य.

एकदा बेकरीत काम करणारी एक आई आली. पाठीवरची गाठ काढलेली, टाक्यांभोवती थोडी लाली. ताईंनी लालीच्या कडेने पेनने रेष काढली. औषध कसं घ्यायचं ते समजावलं. लाली रेषेबाहेर गेली तर हातातलं काम टाकून यायचं, कदाचित मोठ्या हॉस्पिटलात राहावं लागेल, असंही सांगितलं. आता स्वतःची पाठ कुणाला दिसते? बघायचं काम तिच्या मुलीकडे आलं. पुढचे दात पडलेली ती मुलगी एकदम मोठ्या बाईसारखी "हो" म्हणाली.

ठरलेल्या दिवशी दोघी परत आल्या. आईचा चेहरा बघताच ताईंनी तिच्या कपाळाला हात लावला. अंग तापलेलं होतं.

"कणकण आहे, पण लाली रेषेच्या आतच आहे," आई म्हणाली. "रोज विचारते ना हिला."

ताईंनी माझी मान खाली ओढली. उजेडात दोन रेषा दिसल्या. आतली ताईंची, पुसट झालेली. बाहेरची जांभळ्या स्केचपेनची, वाकडीतिकडी. लाली तिला जाऊन टेकली होती.

मुलगी चपलांकडे बघत म्हणाली, "बाहेर गेली असती तर आईला ठेवून घेतलं असतं. म्हणून मी मोठी काढली."

आई मागे वळू लागली. ताईंनी तिचा खांदा हलकेच धरला आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी काही टाके सोडले, साचलेला पू काढला, जखम धुतली, औषध बदललं. आता रोज यायचं होतं. आणि उद्या लाली आणखी पसरलेली दिसली, तर मात्र मोठं हॉस्पिटल.

ताई मुलीला एका शब्दानेही रागावल्या नाहीत. त्यांनी तिला माझी मान धरायला दिली. "घट्ट धर हं. म्हातारा आहे, डुलक्या घेतो." तिने ती दोन्ही हातांनी धरली आणि माझा उजेड जरासुद्धा हलू दिला नाही.

मित्रांनो, जखमेचं खरं सांगायला भीती वाटते. मोठ्यांनाही वाटते, मी रोज बघतो. तरी सांगत जा. उजेडात आलेल्या जखमेवर पट्टीताईंना काहीतरी करता येतं.

शेवटी ताईंनी लालीच्या कडेने नवी रेष काढली. "उद्या आपण दोघी मिळून बघू," त्या म्हणाल्या.

मुलगी त्या रेषेकडे बघत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "ताई, रेष कुठे काढली म्हणजे लाली थांबते?"

ताईंनी पेनाला टोपण लावलं. "रेष तिला थांबवत नाही गं, ती कुठवर आली ते फक्त सांगते," त्या म्हणाल्या.