उपासनेची रंगीत तालीम

माझा चेहरा बघितला की आजारी माणूससुद्धा "आता बरं वाटतंय" म्हणून परत जातो, असं आमच्या घरात म्हणतात. त्यात तथ्य आहे. एकतीस वर्षं मी एका मोठ्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीत बसले. नाव, वय, काय होतंय, पुढचा. रोज तीनचारशे माणसं. प्रत्येकाकडे बघून हसले असते तर संध्याकाळी माझीच नोंद करावी लागली असती. निवृत्त होऊन आठ महिने झाले, तरी घरात कोणी एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला लागलं की माझ्या तोंडून "पुढचा" निघतं.

अशा बाईला नव्या चर्चच्या दारात स्वागताला उभं करायचं, ही अक्कल माझ्या धाकट्या भावाची. तो फ्रिज दुरुस्त करायचा. चांगला चाललेला धंदा सोडून पाळक, म्हणजे पास्टर, झाला आणि आमच्या जुन्या मंडळीनं, म्हणजे चर्चनं, त्याला शहराच्या या टोकाला नवी मंडळी उभी करायला धाडलं. "ताई, तुला माणसांची सवय आहे," तो म्हणाला. सवय आणि आवड यांत फरक असतो, हे मी त्याला सांगितलं नाही. कारण खरं सांगायचं तर मला ते काम हवं होतं. फार हवं होतं. आठ महिन्यांत माझ्याकडे कोणी काही विचारायला आलं नव्हतं आणि ते मला खात होतं.

जागा मिळाली ती बंद पडलेल्या सलूनची. दोन्ही भिंतींना वरपासून खालपर्यंत आरसे, आणि ते काढायचे नाहीत अशी घरमालकाची अट. आम्ही होतो पाच जण: भाऊ, भावजय, एक प्लंबर, त्याची बायको आणि मी. पण आरशांमुळे पन्नास दिसायचो. भाऊ त्यावर जाम खूश. भावजय शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला पाचच दिसायचे.

आमच्या जुन्या मंडळीची एक पद्धत आहे. नवीन ठिकाणी पहिली उपासना होण्याआधी सहा शनिवार दुपारी तिची तालीम करायची. पूर्ण तालीम, गाणी, प्रार्थना, उपदेश, सगळं. आणि दर वेळी आपल्यातल्याच एकानं नवखा माणूस बनून दारातून आत यायचं. दारातल्या माणसासाठी छापील सूचना असतात. हसावं. दोनपेक्षा जास्त प्रश्न विचारू नयेत. समोरच्यानं पुढे केल्याशिवाय हात हातात घेऊ नये. तिसऱ्या रांगेत बसवावं, म्हणजे त्याला कोंडल्यासारखं होत नाही. मी त्या सूचना पाठ केल्या आणि आरशासमोर हसण्याचा सराव केला. आरशांची तर काही कमी नव्हती.

नवखा व्हायची हौस प्लंबरला. पण साधा नवखा त्याला जमेना. पहिल्या शनिवारी तो पश्चात्ताप झालेला दरोडेखोर होऊन आला. दुसऱ्या शनिवारी आंधळा. तिसऱ्या शनिवारी दारातच माझ्या पायाशी कोसळून असा हमसून रडला की समोरच्या दुकानातला चष्मेवाला पाणी घेऊन धावत आला. भावानं त्याला हात जोडून विनवलं की एकदा तरी नुसता एक माणूस म्हणून ये. तो म्हणाला, त्यात करायचं काय मग?

त्यातच जुन्या मंडळीच्या मोठ्या पाळकांचा निरोप आला. उरलेल्या तीन शनिवारांपैकी एखाद्या दिवशी ते स्वतःच्या ओळखीतलं कोणीतरी आमच्याकडे नवखा म्हणून पाठवणार. कोण, कधी, सांगणार नाहीत. त्या माणसाला आत कसं घेतलं जातं, ते बघून मग ठरेल, उपासना सुरू करायची की थांबायचं. आणि दारात ताईच राहणार का, तेही.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. भावाची झोप उडाली. चौथ्या शनिवारी एक माणूस पाठीला बॅग लावून आत डोकावला आणि आम्ही पाचही जण त्याच्यावर तुटून पडलो. त्याला तिसऱ्या रांगेत बसवलं, चहा दिला, गाण्यांचं पुस्तक उघडून हातात दिलं. बिचारा दोन गाणी म्हणाला. चालीवर म्हणाला. तिसऱ्या गाण्याला त्यानं हळूच विचारलं की विजेचा मीटर कुठल्या भिंतीला आहे. त्याच दुपारी एक आजी केस कापायला आल्या. त्यांना आम्ही अर्धा उपदेश ऐकवला. जाताना त्या म्हणाल्या, सगळं छान आहे, पण कापणार कधी?

पाचव्या शनिवारी माझा पारा आधीच चढलेला होता. वेदीच्या टेबलाचं पांढरं कापड मी शेजारच्याच लाँड्रीत टाकलं होतं, आणि लाँड्री तीन आठवडे बंद. शटरवर नुसता कागद, 'काही दिवस बंद'. म्हणजे किती दिवस? इस्पितळात मी असा कागद लावला असता तर लोकांनी खिडकी फोडली असती. त्या दिवशीही मी शटरवर दोनदा थाप मारून आले होते.

अडीचच्या सुमाराला ती आली. पन्नाशीची बाई, हाताला पर्स नाही, पिशवी नाही. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "इथं थोडा वेळ बसलं तर चालेल का? माझे मिस्टर गेले. घरात बसवत नाही."

सूचनांत होतं तरी मी हसले नाही. नुसती मान हलवली. एकच प्रश्न विचारला, पाणी देऊ का. तिला तिसऱ्या रांगेत नेलं आणि शेजारी बसले. भावजयीनं कीबोर्ड हळू वाजवायला घेतला. बाई आवाज न करता रडत होती, मी माझा रुमाल दिला, तिनं माझा हात धरला. धरू दिला. भावानं उपदेश बाजूला ठेवून छोटीशी प्रार्थना केली, आणि त्याच्या तोंडून इतकं थोडं बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. अर्धा तास गेला. सगळं इतकं बिनचूक झालं की मला आतून उकळ्या फुटत होत्या. प्लंबरनं मला लांबून अंगठा दाखवला. आमच्या पाचही जणांच्या मनात एकच, हीच ती पाठवलेली. आणि काय काम करते बाई! कुठे ओरडणं नाही, कोसळणं नाही.

ती डोळे पुसून जरा सावरली, तशी मी तिच्या कानाशी वाकले आणि माझं आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य बोलले.

"फार छान केलंत हो. अगदी खरं वाटलं. मोठ्या पाळकांना सांगा, दारात ताई होत्या म्हणून."

प्लंबरनं टाळ्या वाजवल्या. त्याच्या बायकोनंही वाजवल्या. बाईनं माझ्याकडे बघितलं, मग आरशांतून टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या माणसांकडे. मग तिनं माझा रुमाल घडी करून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेली. शेवटपर्यंत सोंग सोडलं नाही, असं म्हणत प्लंबर दारापर्यंत तिचं कौतुक करत गेला.

भावाला कुठला धीर धरवतोय! त्यानं लगेच मोठ्या पाळकांना फोन लावला आणि निकाल विचारला. ते म्हणाले, "अरे, मी कोणालाच पाठवत नसतो. सगळ्या नव्या मंडळ्यांना नुसतं सांगतो, म्हणजे जो येईल त्याला ते नीट घेतात."

भाऊ खाली बसला. प्लंबर स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मोठ्या पाळकांनी पुढे सांगितलं की घाबरू नका, ठरल्या रविवारी सुरू करा, आणि ताईंना दारातच राहू दे. म्हणजे मी पास झाले होते. त्या बाईच्या नवऱ्याच्या मरणावर शेरा मारून पास.

पुढचे चार दिवस मी त्या गल्लीतल्या एकेका दुकानात जाऊन विचारलं. नाव माहीत नाही, वय पन्नास, पर्स नाही. एकतीस वर्षं सगळ्या गावाची नावं लिहून घेतली आणि हिचंच तेवढं विचारलं नव्हतं. चष्मेवाल्यानं मला बसवून घेतलं आणि डोळे तपासून घेता का म्हणून विचारलं.

गुरुवारी लाँड्रीचं शटर अर्धं वर दिसलं. कापडावरून चार शब्द सुनवायचे म्हणून मी वाकून आत शिरले, आणि समोर तीच. पूर्वी काउंटरवर तिचा नवरा असायचा, म्हणून मी हिला कधी बघितलंच नव्हतं. ती मागे मशीनपाशी असायची. माझ्या पांढऱ्या कापडाची घडी तिनं बाजूला काढून ठेवली होती. तालमीचं सगळं सांगायला मी तोंड उघडलं आणि जसजशी सांगत गेले तसतसं ते आणखी वाईट होत गेलं. आम्हाला वाटलं, तुम्हाला कोणीतरी पाठवलंय, हे मी तीनदा म्हणाले.

"मला कोणी पाठवलं नव्हतं," ती म्हणाली. "मीच आले होते."

"चुकलं माझं," मी म्हणाले. त्या दोन शब्दांची मला सवय नाही. ती वळून कामाला लागली. तिच्या मागे पांढऱ्या चादरींचा ढीग पडला होता. गल्लीतल्या एका गेस्टहाऊसच्या डबलबेडच्या चादरी. त्यांची घडी दोघांनी दोन टोकं धरून घालावी लागते, आणि दुसरं टोक नवरा धरायचा. ती एकटीनं एक टोक दातांत धरून, हनुवटीनं दाबून प्रयत्न करत होती. चादर पुन्हा पुन्हा जमिनीला लागत होती. मी पुढे झाले आणि टोक धरलं. तिनं मला जा म्हटलं नाही. पहिली घडी मी उलटी घातली, तेव्हा मात्र बोलली. मी ऐकून घेतलं.

मग रोज चारला जाऊ लागले. शनिवारची शेवटची तालीम माझ्याशिवाय झाली आणि कोणी बोललं नाही. भाऊ एकदा म्हणाला, त्यांना रविवारी बोलव ना. मी म्हणाले, तू फ्रिजच दुरुस्त कर. तिला आमच्या त्या खोलीत परत यायचं नव्हतं आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. मला दारात काही कमी पडलं नव्हतं, ना चेहरा, ना सवय. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं, एवढंच. हे मला स्वतःशी कबूल करायला तीन दिवस आणि बऱ्याच चादरी लागल्या.

पहिल्या रविवारी मी साडेनऊला दारात उभी राहिले. कापड टेबलावर अंथरलेलं होतं. दहाला पाच मिनिटं असेपर्यंत सतरा माणसं आली. चष्मेवाला आला, केस कापायच्या आजी आल्या, खांद्यापर्यंत वाढलेल्या केसांनी. मी प्रत्येकाला नाव विचारलं आणि लक्षात ठेवलं. भावाच्या कपाळावर घाम होता. भिंतीपलीकडे मशीन घरघरत होतं. गेस्टहाऊसच्या चादरी रविवारी बाराच्या आत पोचाव्या लागतात, हे मला आता माहीत होतं.

मी प्लंबरला बोलावलं, दारात उभं केलं आणि सांगितलं, नुसता माणूस म्हणून उभा राहा. आणि बाहेर पडले.

मला बघून ती म्हणाली, "आज तुमचं पहिलं ना? जा तुम्ही."

"बाराच्या आत जायच्यात ना या?" मी टोक उचललं.

चार चादरी झाल्या. मशीनच्या घरघरीत भिंतीपलीकडून कीबोर्डचा आवाज येत होता आणि त्यावर माणसांचा, पाचांहून बराच मोठा. पाचवी चादर आमच्या दोघींच्या मध्ये ताणलेली होती. ती थांबली.

"काय म्हणतायत?" तिनं विचारलं.

"ऐकू येत नाहीये," मी म्हणाले.

तिनं तिच्या हातातलं टोक माझ्याकडे दिलं, मागे गेली आणि मशीन बंद केलं. मग परत येऊन टोक धरलं, आणि आम्ही दोघी ती चादर तशीच धरून उभ्या राहिलो.